जुन्या खेळांची नक्कल

आपल्या जिल्ह्यांतील लोणार व मेहकर या स्थळांचे उल्लेख ज्या ‘लीळाचरित्रांत’ येतात, त्या ग्रंथाची कथा बोधप्रद आहे. म्हाइंभटांची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमींत नाहींशी झाली, व पुढें अनुयायांनीं ती आठवणींतून पुन्हां सिद्ध केली, असें परंपरा सांगते. म्हणूनच आज तिचे निरनिराळे पाठ आढळतात. मूळ हातीं आहे तोंवरच नक्कल करावी व ती मुळाशीं ताडून पाहावी, हा यांतील धडा. तोच धडा एका अगदीं निराळ्या वस्तूस कसा लागू पडतो, तें आज आम्ही पाहूं.

१९९० च्या दशकांत टीव्हीस जोडावयाचीं खेळयंत्रें आपल्याकडे विकत मिळत. त्यांत बसवावयाच्या चपट्या पेटीस मुलें ‘कॅसेट’ म्हणत; परंतु तींत फीत मुळींच नसे. तिचें खरें नांव कार्ट्रिज. तिच्यांतील ‘रॉम’ नामक चिपमध्यें सारा खेळ अंकरूपानें सांठविलेला असतो. निंटेंडो कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा सुप्रसिद्ध खेळ अवघ्या ४०,९६० बाइटांचा आहे. आजच्या मोबाइलवरील एक छायाचित्रही त्याहून कितीतरी मोठें असतें!

नक्कल उतरणाऱ्या यंत्रास कार्ट्रिज-रीडर म्हणतात. एका बाजूस कार्ट्रिज बसविण्याची खांच, दुसऱ्या बाजूस संगणकास जोडावयाची तार. ग्रंथपालास क्रमांक सांगून एकेक पुस्तक मागावें, तद्वत् हें यंत्र चिपेस एकेक पत्ता सांगतें व तेथील बाइट उतरून घेतें. निंटेंडोच्या १९८३ सालच्या यंत्रास मात्र खेळाच्या आज्ञांपैकीं साधारणतः ३२ किलोबाइटच एका वेळीं दिसत. म्हणून मोठ्या खेळांत एकेक खंड पुढें करणारी ‘मॅपर’ नांवाची निराळी चिप घालीत. रीडरला तिची रीत ठाऊक नसेल, तर नक्कल अपुरी राहते. ‘सॅनी कार्ट रीडर’ या यंत्राचा आराखडा सर्वांस खुला आहे. विज्ञानप्रेमी विद्यार्थ्यांनीं तो अवश्य अभ्यासावा.

मग घाई कशास? रॉम पुष्कळ वर्षें टिकते. परंतु खेळाडूची प्रगति जतन करणाऱ्या कित्येक कार्ट्रिजांत ती प्रगति एका लहानशा बॅटरीच्या आधारें राहते. बॅटरी संपली कीं थोरल्या भावानें सुट्टीभर खपून मिळविलेलें सारें पुसलें जातें. बॅटरी काढतांनाही बहुधा तेंच घडतें. जो खेळणारा आज घरांत नाहीं, त्याची ती खूण पुन्हां मिळावयाची नाहीं. म्हणून प्रथम ती प्रगति उतरून घ्यावी, मगच बॅटरीस हात लावावा.

पितळी दिसणाऱ्या संपर्कपट्ट्यांवर मळ असल्यास बाइट चुकतात. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनें हलकेच पुसाव्या, व वाळल्यावर नक्कल दोनदां उतरून दोन्ही ताडून पाहाव्या. दोहोंत भेद आढळल्यास पुन्हां आरंभ करावा.

एक इशारा पालकांसही. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा संगणक-कार्यक्रमाची प्रत कायदेशीरपणें बाळगणाऱ्यास, ती नष्ट होण्याच्या भयास्तव राखीव प्रत करूं देतो. ती वांटण्याची वा विकण्याची मुभा देत नाहीं. आपल्या वस्तूचें रक्षण करावें, दुसऱ्याच्या श्रमाचा व्यापार करूं नये.

माळ्यावरील जुनी पेटी भंगारांत देण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं ती एकदां उघडून पाहावी, व आंत कोणाच्या बालपणाची नोंद आहे, तें घरच्या वडील मंडळींस विचारावें.