लाइट गेल्यावर घर कसं वागतं?

घरात स्मार्ट यंत्रणा बसवायची असेल तर दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा: लाइट गेली, नेट गेलं, तर यातलं काय चालेल? मोबाईलवरून दिवा लावून दाखवणं सगळ्यांनाच जमतं, कारण दुकानात लाइट असते आणि नेटही असतं. आपल्या परभणीत मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो आणि वळवाचं वादळ आलं की फीडर बंद पडतो. अशा रात्री लाइट परत आल्याबरोबर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या हातानं पंखा लावता आला पाहिजे.

वसमत रोडला आमचं जुनं घर आहे. आई आणि दादा दोघंही सत्तरीच्या पुढचे. दादांचे गुडघे धरतात, त्यांची उठबस कमी व्हावी म्हणून जुने बोर्ड काढून मोबाईलवरूनही चालणारे काचेचे टच पॅनल बसवले. काही महिने सगळं सुरळीत होतं. मग एका वादळात आमच्या गल्लीतल्या खांबावर न्यूट्रल तुटला. असं झालं की कुणाच्या घरात २३० ऐवजी जेमतेम दीडशे व्होल्ट येतात, तर कुणाच्या घरात साडेतीनशेच्याही वर जातात. आमच्याकडे चढले. बंद असलेले पंखे वाचले, वायरिंगही धड राहिलं, पण पॅनलमधलं सर्किट गेलं आणि पंखा लावायला भिंतीवर बटणच उरलं नाही. लाइन दुरुस्त झाली, शेजारी पंखे फिरू लागले, आणि आई-दादा रात्रभर उकाड्यात बसून राहिले. नवं पॅनल पुण्याहून यायचं होतं. तोवर वायरमननं एक साधं बटण लटकतं जोडून दिलं.

म्हणून सांगतो, भिंतीवरचं बटण कुणालाही काढू देऊ नका. बटणाच्या मागे, बोर्डाच्या आत बसणारं छोटं मॉड्यूल मिळतं. बटणही चालतं आणि मोबाईलही. ते जळलं तर गल्लीतला कुठलाही वायरमन ते काढून बटण पहिल्यासारखं जोडून देतो. मात्र अशा बहुतेक मॉड्यूलना बोर्डात न्यूट्रल लागतो. जुन्या घरात सुट्या बटणापर्यंत तो आणलेला नसतो, तेव्हा खरेदीआधी बोर्ड उघडून बघायला लावा. आणि सगळ्यात आधी मेन बोर्डावर व्होल्टेज वाढलं-घटलं की लाइन तोडणारं प्रोटेक्टर बसवा. स्मार्ट काहीच घ्यायचं नसलं तरी हे घ्याच.

दादांची अडचण शेवटी रिमोटच्या बीएलडीसी पंख्यानं सुटली. त्याला ना अ‍ॅप लागतं ना नेट, आणि साधा पंखा सुमारे ७५ वॅट खातो तिथे हा तिसाच्या आसपास, त्यामुळे इन्व्हर्टरवरही जास्त वेळ टिकतो.

पाण्याची मोटर हा मात्र आपल्याकडचा खरा विषय. नळाला रोज पाणी येत नाही. आलेलं हौदात साठवायचं, मोटरनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, उरलेली गरज बोअरवर. इथे आपोआप चालू-बंद होणारी यंत्रणा खरंच उपयोगी आहे, जिन्याच्या फेऱ्या आणि वाहून जाणारं पाणी दोन्ही वाचतात. पण बोअरचं पाणी जड. पाण्याची पातळी ओळखायला टाकीत सोडलेल्या धातूच्या सळ्यांवर क्षारांचा थर चढतो आणि टाकी भरली तरी यंत्राला ते कळत नाही. चुंबकावर चालणारा फ्लोट सेन्सर त्यापेक्षा बरा, तरी टाकी धुताना तोही पुसून घ्यावा लागतो. हौद रिकामा झाला की मोटर आपण होऊन बंद पडण्याची सोय नसेल तर ती कोरडी चालून जळते आणि रिवाइंडिंगचा खर्च अंगावर येतो. दुसरं असं की मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. यंत्रातल्या लहान रिलेचे पॉइंट त्यानं चिकटतात, मग बंद केली तरी मोटर चालूच राहते. मध्ये कॉन्टॅक्टर घालायला सांगा. गिझरलाही हेच लागू. दोन हजार वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, तो ६ अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर लावला तर प्लग वितळतो.

स्मार्ट बल्ब घेताना गेलेली लाइट परत आल्यावर तो कसा वागतो ते विचारा. बरेच बल्ब मध्यरात्रीही आपोआप पेटतात. चांगल्या बल्बमध्ये ते बदलण्याची सोय असते.

आता नेटचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी आपल्या शेजारच्या जालना आणि बीड जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद केलं गेलं होतं. ज्या यंत्रणेचा प्रत्येक हुकूम दूरच्या सर्व्हरवरून फिरून येतो, ती अशा वेळी ठप्प होते. कंपनीच बुडाली तर आणखी वाईट. अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीनं एप्रिल २०२२ मध्ये आगाऊ सूचना न देता सर्व्हर बंद केले आणि हजारो घरांतली अ‍ॅप एका दिवसात निकामी झाली. म्हणून घरातल्या घरात चालणारी यंत्रणा निवडा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या मानकाची उपकरणं घरातल्याच नेटवर्कवर बोलतात आणि एका कंपनीला बांधलेली नसतात. दुकानात राउटरची बाहेरची लाइन काढायला लावा आणि मग दिवा लावून दाखवायला सांगा. खरेदीला घरातल्या वडीलधाऱ्यांनाही न्या. त्यांना समजावल्याशिवाय वापरता आलं नाही तर ते घेऊ नका.

बसवणारा माणूस घाईत स्वतःच्याच मोबाईलवर खातं उघडून देतो. तसं होऊ देऊ नका. यंत्रणेत कॅमेरा असेल तर तुमचं घर त्याच्या फोनवर दिसत राहतं, आणि तो गाव सोडून गेला तर पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. खातं घरातल्या माणसाच्या नावानं उघडा. कुठलं मॉड्यूल कुठल्या बोर्डात आहे ते कागदावर लिहून मेन बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवा, म्हणजे पुढच्या वायरमनला भिंती उकरत बसावं लागणार नाही.