प्रवाशाचा ताप

१८९७ सालीं मुंबई इलाख्यांत प्लेगचा कहर चालू असतां सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला, व प्रवाशांस वाटेंत थांबवून त्यांची तपासणी करण्याचा अधिकार अंमलदारांस मिळाला. त्या काळीं मुंबईचा चाकरमानी आगबोटीनें दाभोळास येई व तेथून खाडीनें गोवळकोटच्या धक्क्यास लागे. आज तो कोंकण रेल्वेनें येतो, नाहीं तर महामार्गानें परशुरामाचा घाट उतरतो. आखातांत नोकरीस असलेला गृहस्थ आज विमानांत बसून उद्यां आपल्या वाडींत पोहोंचतो. अशा प्रत्येकाचें कपाळ स्थानकावरच चांचपून पाहिलें, तर डेंग्यू, चिकुनगुनिया व झिका हे डासांवाटे पसरणारे ताप गांवाबाहेर राहतील काय? पुष्कळांस तसें वाटतें. आमच्या मतें ते राहणार नाहींत, आणि त्याचें कारण साध्या अंकगणितांत आहे.

या तिन्ही रोगांचे विषाणु एडिस जातीचा डास वाहून नेतो. हा काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला डास दिवसा चावतो, आणि गटारापेक्षां घरांतील पिंप, रांजण, माडाखालीं पडलेली करवंटी अशा ठिकाणीं सांठलेलें स्वच्छ पाणी त्यास अधिक मानवतें. विषाणु अंगांत शिरल्यापासून ताप चढेपर्यंत डेंग्यूमध्यें बहुधा ४ ते १० दिवस जातात. समजा, एक गृहस्थ चतुर्थीच्या आदल्या दिवशीं गांवीं आले. मुंबईस डास चावून त्यांस चारच दिवस झाले आहेत. स्थानकावर त्यांचें अंग थंड. तेथें थर्मामीटर काय सांगणार? तिसऱ्या दिवशीं ताप भरतो. प्रवासाचा शीण, जागरण, मोदकांचें अजीर्ण, अशीं कारणें घरांतल्या घरांतच सांपडतात. ताप चढण्याच्या थोडें आधीपासून पुढें सुमारें ५ दिवस त्यांच्या रक्तांत विषाणु असतो, व तेवढ्यांत पडवींतला डास त्यांस चावला कीं तो विषाणु डासाच्या पोटांत जातो. तेथें वाढून डासाच्या लाळेंत उतरण्यास त्यास ८ ते १२ दिवस लागतात. मग तो डास शेजारच्या मुलास चावतो, आणि त्या मुलास ताप येण्यास पुनः ४ ते १० दिवस.

विद्यार्थ्यांनीं ही बेरीज स्वतः करून पाहावी. पाहुण्याच्या तापानंतर वाडींतला पहिला ताप दोन-तीन आठवड्यांनीं दिसतो. तोंवर गौरी-गणपति विसर्जन पावलेले, पाहुणे आपल्या मुंबईच्या खोलींत परतलेले. आणि मुलाच्या तापाचा दोष आपण पावसास देऊन मोकळे होतों. पाहुण्याचें रक्त वेळींच तपासलें असतें, तर हेच दोन आठवडे वाडीस पिंपें रिकामीं करण्यास मिळाले असते. या विषाणूंस मारणारें खास औषध वैद्यांजवळ नाहीं. म्हणून ही तपासणी जितकी रोग्याकरितां, तितकीच शेजाऱ्यांकरितां असते.

हें केवळ कागदावरचें गणित नव्हे. चिकुनगुनिया आपल्या देशांत १९६३ सालीं कलकत्त्यास आढळला, १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीस त्याची साथ आली, मग कित्येक वर्षें तो जणूं नाहींसाच झाला आणि २००५-०६ सालीं मोठ्या जोरानें परतला. त्यानंतर २००७ च्या जून महिन्यांत केरळांतील एक गृहस्थ इटलींत आपल्या नातलगांकडे गेले. इटलींत पोहोंचल्यावर दोन दिवसांनीं कास्तिल्योने दि चेर्व्हिया या लहानशा गांवीं त्यांस ताप आला. सप्टेंबर संपेपर्यंत तें गांव व आसपासचा प्रदेश मिळून दोनशेहून अधिक माणसें सांधे धरून बसलीं होतीं. ज्या देशांत या रोगाची साथ कोणी पाहिली नव्हती, तेथें एका पाहुण्याच्या तापानें एवढें घडलें. त्या बिचाऱ्याचा यांत अपराध कोणता?

आतां तपासणीविषयीं. येथें आमच्या लोकांची मोठी चूक होते ती अशी कीं, ‘रक्त तपासलें, कांहीं निघालें नाहीं,’ एवढ्यावर ते निश्चिंत होतात. कोणत्या दिवशीं तपासलें, हें कोणी विचारीत नाहीं. डेंग्यूच्या पहिल्या ५ दिवसांत रक्तांत विषाणूचें एनएस-वन नांवाचें प्रथिन सांपडतें. त्याच दिवसांत आरटी-पीसीआर पद्धतीनें विषाणूचा अंशही ओळखतां येतो. पुढें विषाणु ओसरतो, आणि सुमारें पांचव्या दिवसापासून शरीरानें तयार केलेलीं आयजीएम प्रतिद्रव्यें दिसूं लागतात. म्हणजे दुसऱ्या दिवशीं आयजीएम शोधणारा व दहाव्या दिवशीं एनएस-वन शोधणारा, दोघेही रिकाम्या हातानें परतण्याचा संभव आहे, आणि रोग मात्र घरांतच असतो.

झिकाचें प्रकरण याहून अवघड. पांचांतील चौघांस त्याचें कांहीं लक्षणच दिसत नाहीं; परंतु गर्भवतीस तो झाला असतां पोटांतील बाळाच्या मेंदूस अपाय होऊं शकतो. झिका व डेंग्यू हे एकाच कुळांतले असल्यामुळें एकाचीं प्रतिद्रव्यें दुसऱ्याच्या चांचणींत फसवितात. म्हणून झिकाची शंका असेल तेथें रक्ताबरोबर लघवीही तपासतात. तिच्यांत विषाणूचा अंश रक्तापेक्षां अधिक दिवस टिकतो. २०२१ च्या जुलैमध्यें पुरंदर तालुक्यांतील बेलसर गांवीं तापाचे पुष्कळ रोगी निघाले. वरकरणीं सारे ताप सारखेच. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्थेनें नमुने तपासले तेव्हां कोणास चिकुनगुनिया, कोणास डेंग्यू, आणि एका बाईस झिका असल्याचें कळलें. महाराष्ट्रांतील झिकाची ती पहिली नोंद. १९५२ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेनेंच बनविलेलें चांचणीसाहित्य देशभरच्या सरकारी रुग्णालयांत डेंग्यू व चिकुनगुनियाकरितां वापरतात.

आमच्या कोंकणांत आणखी एक खबरदारी हवी. पावसाळ्यांतील ताप हिवतापाचाही असूं शकतो, व चिखलांत राबणाऱ्यास लेप्टोचाही. या दोहोंवर औषध आहे, तेव्हां डेंग्यूच्या नादांत तीं परीक्षणें राहूं देऊं नयेत.

पालकांस आमची विनंति अशी कीं, परगांवाहून आलेल्या मनुष्यास दोन आठवड्यांच्या आंत ताप आल्यास डॉक्टरांस तीन गोष्टी न विचारतां सांगाव्या: कोठून आला, कोणत्या तारखेस निघाला, आणि ताप कोणत्या दिवशीं प्रथम चढला. मोठ्या माणसांस ही तिसरी तारीख हटकून आठवत नाहीं. घरांतल्या विद्यार्थ्यानें ती त्याच दिवशीं भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीनें लिहून ठेवावी. निदान होईपर्यंत ॲस्पिरिनसारख्या गोळ्या स्वतःहून देऊं नयेत. त्यांनीं डेंग्यूंत रक्तस्राव वाढूं शकतो. रोग्यास दिवसाही मच्छरदाणींत निजवावें, आणि पिंप नुसतें उपसून न थांबतां आंतल्या कडा काथ्यानें घासाव्या. कारण एडिसचीं अंडीं पाण्याच्या कांठाला चिकटून राहतात व कोरडीं पडलीं तरी कित्येक महिने जिवंत असतात.