नियमयंत्रातील सार्वत्रिक चल

शिष्यवृत्तीचे अर्ज तपासावयास बसलेली समिती आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली आहे. समोर अर्जांचा गठ्ठा, शेजारी नियमांचा कागद. उत्पन्न इतक्याच्या आत, गुण इतक्याच्या वर. असलेच काम बँका व विमा कंपन्या आता संगणकाकडून करवून घेतात. त्यासाठी जी आज्ञावली योजतात तिला रूल इंजिन, म्हणजेच नियमयंत्र म्हणतात. २००१ साली सुरू झालेले ‘ड्रूल्स’ हे त्यांतले एक प्रसिद्ध व विनामूल्य मिळणारे यंत्र. आपल्या घरोघरची मुलेमुली आज या व्यवसायात आहेत. म्हणून त्यातील एका खाचखळग्याविषयी लिहीत आहे.

नियमाचे भाग दोन : ‘जर’ आणि ‘तर’. अर्जाची माहिती यंत्राच्या कार्यस्मृतीत घातली की यंत्र ती प्रत्येक नियमाच्या ‘जर’शी जुळवून पाहते. परंतु हजारो अर्ज आणि शेकडो नियम असताना दर वेळी सारे पहिल्यापासून तपासणे परवडणारे नव्हे. चार्ल्स फोर्गी यांनी यावर ‘रेटे’ नावाची पद्धत शोधली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील त्यांचा प्रबंध १९७९ चा आहे. रेटे हा लॅटिन शब्द, अर्थ जाळे. एकदा झालेली जुळणी हे जाळे लक्षात ठेवते आणि जे बदलले असे त्याला कळविले जाते तेवढेच पुन्हा तपासते. ड्रूल्सची बैठक हीच. पुढे तीत सुधारणा पुष्कळ झाल्या.

‘कळविले जाते’ या दोन शब्दांवर सारी भिस्त आहे!

नियमांच्या फाईलीत वरच ‘ग्लोबल’ असे लिहून एखाद्या वस्तूचा प्रकार व नाव जाहीर करता येते. काम सुरू करण्यापूर्वी मूळ आज्ञावली ती वस्तू यंत्राच्या हाती देते. हा झाला सार्वत्रिक चल. तो सगळ्या नियमांना दिसतो, म्हणून नवशिक्याला फार सोयीचा वाटतो. पण तो कार्यस्मृतीत नसतो. त्याची किंमत बदलली तरी यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही.

समजा, उत्पन्नमर्यादा ८०,००० रुपये ही सार्वत्रिक चल म्हणून ठेवली. ९०,००० उत्पन्नाच्या मुलीचा अर्ज आला, नियम चालले, अर्ज बाद. दुपारी समितीने मर्यादा एक लाख केली आणि कोणी चलाची किंमत बदलली. त्यानंतर तेवढ्याच उत्पन्नाच्या मुलाचा अर्ज आला, तो मंजूर! पहिल्या अर्जाकडे यंत्र वळूनही पाहत नाही. कोणाचा पक्षपात नाही, कोठे चुकीची सूचना उमटत नाही, आणि मुलगी मात्र शिष्यवृत्तीला मुकते. माझ्या मते मोडून पडणाऱ्या यंत्रापेक्षा असे यंत्र अधिक घातक.

उपाय साधा आहे. मर्यादा हीदेखील एक माहिती समजून अर्जाप्रमाणेच कार्यस्मृतीत घालावी, व बदलताना ‘अपडेट’ करून यंत्रास तसे कळवावे. मग तिच्याशी जुळविलेले सारे अर्ज यंत्र आपण होऊन पुन्हा पाहते. मर्यादा खाली आणली तर आधीच्या मंजुरीचे काय, असे कोणी विचारील. मंजुरीची नोंद ‘इन्सर्टलॉजिकल’ने केली असेल तर ‘जर’ खोटा ठरताच ती नोंद निघून जाते. मात्र धाडलेले पत्र काही परत येत नाही!

मग सार्वत्रिक चल टाकाऊ काय? मुळीच नाही. निकालाची यादी बाहेर आणणे, नोंदवही लिहिणे, पत्रे धाडणाऱ्या सेवेला हाक मारणे ही ‘तर’ भागातील कामे त्यानेच करावीत. ‘जर’मध्ये घ्यावयाचा तर कामभर न बदलणारी किंमतच घ्यावी.

जुन्या नियमावलीत हा दोष आहे की नाही हे ओळखण्यास दहा मिनिटे पुरतात. ९०,००० चा एक खोटा अर्ज घालावा, नियम चालवावेत, त्याच बैठकीत मर्यादा वाढवावी आणि नियम पुन्हा चालवावेत. अर्ज बादच राहिला, तर प्रथम फाईलीच्या माथ्यावरील ‘ग्लोबल’ च्या ओळी पाहाव्यात.