मिठागरातलं करिअर

मुलीने बारावीनंतर सूक्ष्मजीवशास्त्र घ्यायचं म्हटलं, की घरात पहिला प्रश्न उठतो: नोकरी कुठे मिळणार? प्रश्न रास्त आहे. पण या विषयाची पोच किती लांबची आहे, तेही पालकांनी पाहायला हवं.

स्पेनमधल्या सांता पोलाच्या मिठागरातल्या ‘हॅलोफेरॅक्स मेडिटरेनी’ या सूक्ष्मजीवावर फ्रान्सिस्को मोहिका हा विद्यार्थी पीएच.डी. करत होता. या जिवाच्या डीएनएमध्ये ठरावीक अंतराने तेच तेच तुकडे येताना मोहिकाला दिसले. ते निरीक्षण १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. याच रचनेला पुढे ‘क्रिस्पर’ नाव मिळालं आणि तिच्या आधारे जनुक-संपादनाचं तंत्र घडवणाऱ्या शार्पेंतिए आणि डाउडना यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात. मीठ धरू लागलेल्या वाफ्यात ते २५ टक्क्यांच्या पुढे जातात. तिथलं पाणी गुलाबी-तांबडं दिसतं, ते मुख्यतः ‘हॅलोआर्किया’ या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. त्यांना प्रयोगशाळेत वाढवायचं तर पोषक माध्यमातही सहसा २० ते २५ टक्के मीठ आणि जोडीला मॅग्नेशियम लागतं. सोबतच्या बॅक्टेरियांना आवरायला ॲम्पिसिलिन घालतात. हॅलोआर्कियांच्या पेशीभित्तीवर त्याचा परिणाम होत नाही. माध्यमाची प्लेट सुकून मिठाचे खडे होऊ नयेत म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उबवतात. साध्या पाण्याने धुतलं तर अनेक हॅलोआर्कियांच्या पेशी फुटतात.

प्लेटवर या जिवांच्या वसाहती दिसायला कित्येक आठवडे लागू शकतात. सिनाईतल्या खाऱ्या डबक्यात संशोधक वॉल्सबी यांनी चौकोनी पेशींची नोंद १९८० मध्ये केली. त्या प्रयोगशाळेत वाढल्या २००४ मध्ये! झटपट निकाल हवे असणाऱ्या मुलांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

वाट अशी: बारावी विज्ञान, बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, मग एम.एस्सी. जैवतंत्रज्ञानाकडे वळायचं तर ‘जॅम’ आणि ‘गॅट-बी’ या प्रवेशपरीक्षा आहेत. पुढे सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली, तर २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, गोवा विद्यापीठ, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि भावनगरची मीठ संशोधन संस्था ही नावं टिपून ठेवावीत.

केवळ मीठप्रेमी जिवांवरच्या संशोधनाच्या जागा मोजक्याच. हे पालकांपासून लपवू नये. मात्र निर्जंतुक हाताळणी, शुद्ध कल्चर वेगळं करणं आणि नोंदी चोख ठेवणं ही कौशल्यं औषध कंपन्यांच्या गुणवत्ता विभागात, अन्न आणि पाणी तपासणीत रोज लागतात. डोळ्यांच्या थेंबांत आणि क्रीममध्ये वापरलं जाणारं एक्टोइन तर मीठप्रेमी बॅक्टेरियांपासूनच मिळवतात.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात एवढं विचारावं: प्रात्यक्षिकाला प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने प्लेट करायला मिळते का? शेवटच्या वर्षी प्रकल्प असतो का? शक्य असेल तर उन्हाळ्यात शिरोड्याचं किंवा पेडण्यातलं आगरवाड्याचं मिठागर मालकाच्या परवानगीने मुलांसोबत पाहून यावं.