धवळा आणि पत्र : संन्यासिनींच्या नात्याचे नाट्य

हिल्डेगार्ड (१०९८–११७९) आणि रिखार्डिस फॉन श्टाडे या दोन जर्मन संन्यासिनींच्या नात्यावरील सारा कर्कलंड स्नायडर यांचा 'हिल्डेगार्ड' हा छोटेखानी ऑपेरा २०२५ मध्ये रंगभूमीवर आला. महदाइसेचे 'धवळे' शिकविणाऱ्या अध्यापकाने त्याची दखल का घ्यावी, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

रिखार्डिस ही 'स्किव्हियास' या ग्रंथाच्या लेखनातील हिल्डेगार्डची सहायिका. ११५१ मध्ये ती बास्सुमच्या मठाची प्रमुख म्हणून निघाली. हिल्डेगार्डने रिखार्डिसचा भाऊ, आर्चबिशप हार्टविग, याच्याकडे व थेट पोप तिसरा यूजेनियस याच्याकडे दाद मागितली. उपयोग झाला नाही. ११५२ मध्ये रिखार्डिस वारली. तिला परतण्याची ओढ होती, असे हार्टविगने मागाहून कळविले. रिखार्डिसला लिहिलेल्या पत्रात हिल्डेगार्ड माताही आहे आणि पोरकीही. मनुष्यावर एवढा जीव लावल्याचा दोष ती स्वतःकडे घेते. याच सुमाराच्या तिच्या 'ओर्दो विर्तुतुम' या गेय नाट्यात जीव सद्गुणांना सोडून जातो व घायाळ होऊन परततो. सैतान मात्र गात नाही, नुसता बोलतो. त्या परतण्यात रिखार्डिसला शोधण्याचा मोह होतो, पण तेवढा पुरावा नाही.

महानुभाव वाङ्मयात असे पत्र नाही. चक्रधरांच्या परिवारातील बाइसा सेवेची व्यवस्था पाहणारी, तर महदाइसा अखंड प्रश्न विचारणारी. त्यांचे परस्परसंबंध आपल्याला कळतात ते म्हाइंभटाने संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'तून, म्हणजे इतरांच्या स्मरणातून, आणि तेही गुरूच्या संदर्भात. बाइसेचा अधिकार आणि महदाइसेची जिज्ञासा यांत ताण असेल. परंतु एकीने दुसरीविषयी काय सोसले, हे लीळेच्या रचनेत केंद्रस्थानी येतच नाही. येथे आधुनिक मनोविश्लेषण चिकटविणे म्हणजे लीळेला पत्र समजणे होय.

महदाइसेचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो गाण्यात. बालविधवा असलेल्या या स्त्रीने रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायिले. जव्हार-मोखाड्याच्या विद्यार्थ्याला हा शब्द कोशात पाहावा लागत नाही; वारल्यांचे लग्न लावते ती धवळेरीच, आणि तिच्या गाण्यावाचून विधी पुरा होत नाही. एवढ्यावरून महदाइसेपासून धवळेरीपर्यंत वारसा ओढणे घाईचे होईल. (शब्दसाम्यावर परंपरा उभारण्याची आपल्याकडे हौस फार.) तथापि गाणारीचा अधिकार मठातील पदावर वा वैवाहिक स्थितीवर अवलंबून नसून विधीतच असू शकतो, हे त्यावरून उमगते. हिल्डेगार्डचे पद मोठे, तरी रिखार्डिसला ती रोखू शकली नाही. महदाइसेपाशी असे पद नव्हते, पण देवाच्या लग्नात गाण्याचा मान तिचा होता.

महदाइसेला केवळ 'आद्य कवयित्री' म्हणून शिकविताना हा प्रसंगच गळून पडतो. वर्गात धवळे वाचण्यापूर्वी एखाद्या धवळेरीचे गाणे ऐकविले, तर पहिला प्रश्न छंदाचा निघणार नाही. हे कोणासाठी आणि कोणापुढे गायिले, असा निघेल.