मीटिंगच्या दारापर्यंत

दादाला मी पहिल्यांदा मीटिंगला घेऊन गेले, तेव्हा महापालिकेच्या शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. मीटिंगचा वार बदलला होता आणि आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. "जाऊ दे गं, नशिबातच नाही," म्हणत दादा मागे फिरला. पुन्हा तिथवर यायला त्याला पाच महिने लागले. म्हणून ही कृती बारीकसारीक गोष्टींसकट लिहिते आहे. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाचं पाऊल अशाच गोष्टींपाशी अडतं.

या मीटिंगा असतात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या. सगळे 'ए.ए.' म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात शेअरबाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी मोकळेपणी बोलले. तिथून हे सुरू झालं. आजही पद्धत तीच आहे. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही.

१. आधी डॉक्टरांना भेटा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, काहींना त्यानंतर भास होऊ लागतात. हे जिवावर बेतू शकतं. सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर राहत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा व्यसनमुक्ती केंद्र गाठा. पुण्याचं 'मुक्तांगण' डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं, ते याच कामासाठी. मीटिंग उपचारांच्या जोडीने चालते. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं म्हणून गोळ्या बंद करू नका.

२. तीन मीटिंगा शोधा. ए.ए.च्या संकेतस्थळावर मीटिंगांची माहिती मिळते. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि 'टेली-मानस' १४४१६ इथेही विचारता येतं. प्रत्येक मीटिंगचा वार, वेळ, पत्ता आणि भाषा कागदावर लिहा. एक हुकली तर दुसरी हाताशी हवी. गावात ग्रुप नसेल, तर ऑनलाइन मीटिंग शोधा.

३. फोन करा. चार गोष्टी विचारा. या आठवड्यात मीटिंग तिथेच आहे ना? मराठीत बोलतात का? खुली आहे की बंद? फाटकाशी कुणी भेटेल का? खुल्या मीटिंगला घरचं माणूस सोबत बसू शकतं, बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांची. दुसऱ्या खेपेला मी फोन केला, तर पलीकडचे काका म्हणाले, "मी टॉर्च घेऊन उभा राहतो." आणि खरंच उभे होते.

४. पोटभर खाऊन निघा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळी ओढ जास्त लागते. नेहमीच्या बारवरून जाणारा रस्ता टाळा. पंधरा मिनिटं आधी पोहोचा, म्हणजे भरलेल्या खोलीत शिरायचा संकोच राहत नाही. त्या दिवशी घेतली गेलीच, तरी घरी बसू नका. जाऊन मागे शांत बसा आणि ऐका.

५. आत नुसतं ऐका. दादा चौथीच्या बाकावर गुडघे दुमडून बसला होता, समोर भिंतीवर पाढ्यांचा तक्ता. एकेक जण नाव सांगून "मी मद्यपी" म्हणत होता आणि आपलीच गोष्ट सांगत होता. मध्ये कुणी बोललं नाही, कुणी उपदेश केला नाही. तुमची पाळी आली, तर "आज फक्त ऐकतो" एवढं पुरे. ऐच्छिक वर्गणीसाठी डबा फिरतो. नवख्याने पैसे टाकायलाच हवेत असं नाही. शेवटच्या प्रार्थनेला गप्प उभं राहिलात तरी चालतं. तिथे ऐकलेलं बाहेर कुठेही बोलायचं नाही.

६. दोन नंबर घेऊन निघा. चहाच्या वेळी ज्याचं बोलणं मनाला भिडलं, त्याच्याकडे मागा. ओढ लागली की पहिला पेग हातात घेण्याआधी फोन करा. रात्री अकरालाही करा. पुढे ओळख वाढली की त्यांच्यातलाच कुणी तुमचा स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सोबती, होईल.

७. निदान सहा मीटिंगा करा. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. एक आवडला नाही, तर दुसरा बघा. जुनी मंडळी नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा म्हणतात. ते जमलं नाही, तरी आठवड्याचे वार पक्के करा.

८. घसरलात, तर पुढच्याच मीटिंगला जा. दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून होईल, पण अनुभव वाया जात नाही. दादा दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्याला बाकावर जागा करून दिली गेली.

घरच्यांनी पहारा करू नये, बाटल्या शोधत फिरू नये. आपल्यासाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात. दादा पीत होता तेव्हाही मी तिथे जात होते, आणि मला रात्री झोप लागू लागली ती तिथे जायला लागल्यावर.

आयुष्यभर न पिण्याचा विचार आज नको. आज कागदावर तीन पत्ते लिहा आणि पहिल्या नंबरला फोन लावा.