झाडू कोणाच्या हातीं?

अंकगणितांत पहिला येणारा मुलगा पुढें गांवाच्या कामीं पडेलच असें नाहीं. भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढिलें, त्याची हकीकत या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत, एकाच पंक्तीस जेवत, आणि स्वयंपाकपाणी, झाडलोट हीं कामें आपल्याच हातांनीं करीत. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्या गृहास शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें. ज्या गांवीं पाणवठे वेगळे, तेथून आलेल्या मुलानें दुसऱ्याच्या हातची भाकर खाणें हा केवढा धडा! नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत तो सांपडणार नाहीं. सोबत्याची कुचराई त्याला तोंडावर सांगणें व आपली पाळी न चुकविणें, यांतच पुढारीपणाचें मूळ आहे असें आम्हांस वाटतें.

आम्ही ज्या खेड्यांत शिकवीत होतों, तेथें वर्गनायक नेहमीं मोठ्या घरचा, आणि झाडू मात्र एकाच वस्तींतील मुलांच्या हातीं. हें आमच्या ध्यानांत येण्यास (सांगावयास लाज वाटते) तीन वर्षें लागलीं. मग सर्वांस पाळी लाविली. लागलीच दोघां पालकांनीं आपलीं मुलें घरीं ठेविलीं. एक महिन्याभरानें परत आला. दुसरा आला नाहीं.